‘मानभावी’चं मूळ कुठे?

परभणीच्या एका वाचकाने विचारलंय: मानभावी म्हणजे मानाची भावना असलेला, म्हणजेच मानी का? एका सत्कारात सूत्रसंचालकाने पाहुण्यांना ‘अत्यंत मानभावी व्यक्तिमत्त्व’ म्हटलं, ते बरोबर का?

साफ चूक. मानभावी म्हणजे वरून साळसूद, आतून निराळा. हा शब्द हल्ली स्तुती म्हणून सर्रास कानावर येतो आणि दरवेळी चीड येते. कारण त्यात ‘मान’ही नाही आणि आपण समजतो तो ‘भाव’ही नाही.

मूळ शब्द महानुभाव. महा अधिक अनुभाव. अनुभाव म्हणजे प्रभाव, तेज, अनुभव नव्हे. बोलण्यात ‘ह’ गळतो, पाहुण्याचा पावणा होतो, तसा महानुभावाचा मानभाव झाला. तेराव्या शतकात, यादवांच्या काळात, चक्रधरस्वामींनी जो नवा पंथ उभा केला त्याच्या अनुयायांचं हे नाव. पैठण, माहूर, भोकरदन तालुक्यातला जाळीचा देव ही त्यांची ठिकाणं. आजही हे लोक भेटले की ‘दंडवत प्रणाम’ म्हणतात.

मग अशा नावाला ढोंगाचा अर्थ कसा चिकटला? या साधूंची उक्ती एक आणि कृती दुसरी होती म्हणून, असं काही जाणकार ठासून सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. ही सगळी साक्ष विरोधकांची आहे. ज्या पंथाने वेदांचं प्रामाण्य मानलं नाही, जातिभेद नाकारला, बायकांना संन्यास दिला, त्याच्याबद्दल गावगाड्याचे मुखंड चांगलं बोलणार होते थोडेच! त्यात पंथाच्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत. बाहेरच्याला वाचता येईना, मग संशय वाढला. मानभाव हा ‘मांगभाव’वरून आला, ही व्युत्पत्ती तर पंथाला आणि एका जातीला एकदमच हिणवण्यासाठी रचलेली आहे. ती व्युत्पत्ती म्हणून पुढे करणाऱ्यांनी आधी ‘ह’ कुठे गेला ते पाहावं.

माझ्या मते खरी किल्ली म्हणीत आहे: ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची.’ नीट वाचा. यात मानभाव ढोंगी नाहीच! ढोंगी आहे तो कसाबासारखं वागून मानभावासारखं बोलणारा. कसाबाच्या समोर नेमका मानभावच का उभा केला? कारण अहिंसा ही या लोकांची सर्वांना ठाऊक असलेली ओळख. म्हाइंभटांनी 1278च्या सुमारास सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात पारध्यांच्या कुत्र्यांपुढे पळणारा ससा येऊन चक्रधरांच्या मांडीखाली दडतो. पारधी तो मागतात, पण शरण आलेल्याला स्वामी देत नाहीत. उलट त्यांनाच समजावतात. अशा माणसांचं मऊ बोलणं गावोगाव माहीत होतं, म्हणून तर ते म्हणीत आलं.

आता ‘मानभावी’तला ‘ई’ पाहा. सरदारी थाट करणारा सरदार असतोच असं नाही. तसा मानभावी म्हणजे मानभावाचा आव आणणारा, स्वतः मानभाव नसलेला. ढोंग नकल करणाऱ्याचं, आणि बोल लागतोय अस्सल माणसाला. कोशांनी ‘मानभावी’पुढे नुसतं ‘ढोंगी’ न लिहिता ‘मानभावाची बतावणी करणारा’ असं लिहायला हवं.

मानी हा शब्द ‘मान’वरून आलेला, अगदी वेगळा. सूत्रसंचालकांना ‘सन्माननीय’ म्हणायचं असावं.