यंत्र कधी मदत करतं, ते आधी बघ

आधाराशिवाय बसता न येणाऱ्या मुलांच्या रोबोटिक थेरपीच्या खोलीत तू पहिल्यांदा उभी राहशील तेव्हा नजर यंत्राच्या मोटरकडे जाईल. ती मुलाच्या कंबरेकडे वळव. कंबरेचं हाड (पेल्विस) मागे कललं असेल, पावलं लोंबकळत असतील, तर कितीही चांगलं यंत्र लावलं तरी पाठीला बाक येणारच. बैठक आधी नीट कर.

धडावरचा ताबा वरून खाली येतो: मान, छाती, मग कंबर. ताबा जिथे सुटतो त्या पातळीच्या लगेच खाली आधार दे. मी सुरुवातीला भीतीपोटी फार वर पट्टा बांधायचे. मूल स्थिर दिसायचं, पण स्वतः काहीच करत नसायचं.

अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात रोबोटिक्सचे संशोधक सुनील अग्रवाल यांच्या प्रयोगशाळेत घडलेलं ‘ट्रस्ट’ हे धडाला आधार देणारं यंत्र याच विचारावर चालतं. धडाभोवती पट्टा, त्याला मोटरने ओढल्या जाणाऱ्या केबल. मूल आपल्या मर्यादेत झुकतं तोवर यंत्र गप्प. मर्यादा ओलांडली की हलकासा आधार. जमू लागलं की ती मर्यादा वाढवायची.

म्हणून खेळणं हातात देऊ नकोस, हात जेमतेम पोहोचेल तिथे धर. मूल डगमगेल, तुझा जीव वरखाली होईल, तरी क्षणभर थांब. सावरण्याची ती धडपड हीच थेरपी आहे गं.

खुब्याचा एक्स-रे आणि पाठीच्या कण्याचा बाक तपासल्याशिवाय मात्र पट्टा बांधू नकोस. आणि आईबाबांना रोज विचार: जेवताना कसं बसलं?