निओफेचमध्ये नको त्या ओळी दिसतात, कशा काढायच्या?
उबंटूवर टर्मिनल उघडलं की निओफेच (सिस्टिमची माहिती दाखवणारं छोटं टूल) थीम, आयकॉन, रिझोल्यूशन सगळीच वरात काढतं, ते कमी करायचंय ना, सोपंय. होम फोल्डरमध्ये कंट्रोल एच दाबा म्हणजे लपलेलं डॉट कॉन्फिग फोल्डर दिसेल, त्यात निओफेच, त्यात कॉन्फिग डॉट कॉन्फ, ती फाईल उघडून प्रिंट इन्फो (print_info) या भागातल्या नको त्या ओळीआधी # टाका, बस. ओळी पुसू नका हं, मी पुसता पुसता शेवटचा महिरपी कंसच उडवला आणि मग दरवेळी टर्मिनल उघडलं की एरर!

पण खरं सांगू, निओफेचचं रेपो (कोड ठेवायची जागा) २०२४ मध्येच अर्काइव्ह झालंय, म्हणजे त्यावरचं काम बंद, त्यापेक्षा तसंच काम करणारं फास्टफेच टाका. फास्टफेच कमांडला जोडून --जेन-कॉन्फिग (--gen-config) दिलं की सेटिंग्जची जेसनसी फाईल तयार, त्यात मॉड्यूल्सचा (म्हणजे दिसणाऱ्या ओळींचा) क्रम बदलला की स्क्रीनवरचाही बदलतो.