क्लार्क टेरी इतके मोठे जॅझ ट्रम्पेटवादक होते, मग आयुष्यभर शिकवत का राहिले?

पैशासाठी नक्कीच नाही. काउंट बेसी आणि ड्यूक एलिंग्टन या जॅझमधल्या दोन्ही नामवंत बँडप्रमुखांच्या बँडमध्ये ते वाजवून आले होते आणि १९६० पासून अमेरिकेतल्या एनबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीच्या वाद्यवृंदात त्यांना पगारी काम होतं. मला विचाराल तर याचं मूळ त्यांच्या लहानपणात आहे.

१९२० साली अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातल्या गरीब घरात त्यांचा जन्म झाला. ट्रम्पेट घ्यायची ऐपत नव्हती. मग या पोरानं बागेला पाणी घालायच्या नळीचं वेटोळं करून तारेनं बांधलं, एका टोकाला रॉकेलचं नरसाळं खोचलं आणि दुसऱ्या टोकाला फुंकायला शिशाच्या पाइपचा तुकडा. तो आवाज ऐकून शेजारी इतके वैतागले, की वर्गणी काढून त्यांनीच साडेबारा डॉलरचा जुना ट्रम्पेट आणून दिला.

पुढे खालचे सूर भरीव कसे लावायचे, हे त्यांनी एका जुन्या वादकाला विचारलं. मुद्दाम दिशाभूल करणारं उत्तर मिळालं, आरशासमोर बस, दात आवळ आणि डावा कान हलव. हे वाचलं तेव्हा मला फार लागलं. मी स्वतः हौसेनं ट्रम्पेट वाजवतो आणि विद्या लपवणारी माणसं मीही पाहिली आहेत. टेरींनी ठरवलं, आपल्याला येतं ते मागेल त्याला द्यायचं.

बेसींच्या बँडबरोबर सिएटलला असताना क्विन्सी जोन्स नावाचा शाळकरी मुलगा ‘शिकवा’ म्हणून मागे लागला. रात्रभर वाजवून आलेले टेरी त्याला सकाळी शाळेआधी शिकवायचे. १९५९ मध्ये एलिंग्टनना सोडून टेरी ज्या बँडबरोबर युरोपला गेले, त्याचा संचालक हाच मुलगा होता.

शिकवण्याची रीतही आपल्याला ओळखीची वाटेल: आधी तोंडानं म्हणायचं, मग वाजवायचं, तबल्याच्या बोलांसारखं. तळहात तोंडापुढे धरून ‘तू-तू-तू’ म्हणा, हवा दर वेळी तुटते. आता ‘दूदल-दूदल’ म्हणा. ‘ल’ला हवा जिभेच्या कडांवरून वाहतच राहते. टेरींचे वेगातले सूर असे सलग येतात ते यामुळे, आणि हे त्यांनी कुणापासून लपवलं नाही.

मधुमेहानं दोन्ही पाय गेले, दृष्टीही अधू झाली. तरी जस्टिन कॉफलिन या अंध पियानोवादकाला ते अंथरुणावर पडल्या पडल्या सुरावटी म्हणून दाखवत शिकवत होते. टेरींच्या घरी जोन्स आपल्या जुन्या गुरूला भेटायला आले, कॉफलिनचं वाजवणं ऐकलं आणि पुढे त्याला आपल्या दौऱ्यावर घेऊन गेले.