स्पितीचं तट्टू आणि कणकुंबीचा पाऊस

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. व्हिडिओत स्पितीची तट्टं बघून तू खुळावलास आणि आपल्या बेळगावकडच्या जांबोटीला पर्यटक फिरवायला तसलीच चार आणणार म्हणतोस. लेहला पलटणीत मी लडाखची झंस्कारी तट्टं सांभाळली, म्हणून मला विचारलंस. बरं केलंस.

तुझी नजर चुकली नाही, हे आधी सांगतो. स्पिती काय, झंस्कारी काय, उंची 130 सेंटिमीटरच्या आतबाहेर. आपल्याकडच्या शर्यतीच्या घोड्याशेजारी पोरच. पण छाती खोल, पाय आखूड, हाड जाड. थंडीत अंगावर एवढे दाट केस येतात की खरारा करताना बोटं बुडतात. स्पितीतलं काझा गाव सुमारे 3,600 मीटरवर. तिथल्या विरळ हवेत आपण दोन जिने चढून धापा टाकतो, हे तट्टू ओझं घेऊन खिंड चढतं. खायला सुकं गवत, वर थोडे जव.

एकदा बर्फातून जाताना माझं तट्टू अडलं. लगाम ओढला, शिव्या दिल्या, हलेना. पुढचा पाय टेकवायचं आणि भार न देताच मागे घ्यायचं. शेवटी मी काठी खुपसली, तर खाली पोकळ, पाणी वाहत होतं. त्यानंतर लगाम मी सैलच धरला.

पण ते काटक आहे ते तिथे. स्पिती हिमालयाच्या आडोशाला, पाऊस नावापुरता, जमीन कोरडी ठक्क. आपल्या जांबोटी-कणकुंबीला जूनपासून गोठ्यातली ओल हटत नाही. खुराच्या तळव्यातला मऊ त्रिकोणी भाग कुजायला लागतो, काळं पाझरतं, वास तर विचारू नकोस. चावऱ्या माशांमधून सर्रा नावाचा रोग होतो तो वेगळाच. आणि कमी खाऊन जगणारं जनावर हिरव्यागार कुरणात सोडलंस की आधी फुगतं, मग खुराच्या आत सूज येऊन उभंही राहत नाही. लाडानं मारशील.

त्यापेक्षा निपाणी-चिकोडीच्या माळावर धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट तळ, बसला की जाऊन बघ. तट्टावर भांडीकुंडी, कोंबड्या, नवी कोकरं, सगळं बिऱ्हाड लादलेलं, तरी कान टवकारलेले. ही आपली दख्खनी, भीमथडी तट्टं. मराठ्यांच्या फौजा यांच्यावर फिरल्या आणि देशी जात म्हणून सरकारी नोंद आत्ता कुठे झाली! मात्र कणकुंबीचा पाऊस यांनाही मानवत नाही. ते चार महिने धंदा बंद ठेव, जनावरं गोकाककडे कोरड्यात ने. परवडत नसेल तर हा नादच सोड.

घेताना वय दातांवर बघ. पाचव्या वर्षी पुढचे सगळे दात पक्के होतात, पुढे खालच्या दातांवरचे खळगे झिजत जातात. निवृत्तीनंतर मी पहिली घोडी घेतली ती ‘सहा वर्षांची’ होती. घरी आणून तोंड नीट उघडलं, तर आजीबाई निघाल्या! मीच फसलो, तर तू कोण? चारी खुरं उचलून वास घे आणि दगडगोट्यांवरून चालवून बघ.

रविवारी सकाळी ये. दारातल्या घोडीचे पाय आधी उचलून दाखव. लाथ बसली तर तुझ्या आईला मीच फोन करतो.

तुझा,
काका