केमोच्या दिवसांत उपवास करावा का?

प्रश्न : माझ्या ५२ वर्षांच्या आईला स्तनाचा कर्करोग असून नागपुरातच केमोथेरपी सुरू आहे. केमोच्या आधी उपवास केल्यास त्रास कमी होतो, असे नातेवाईक सांगतात आणि आईला एकादशीही मोडायची नाही. काय करावे? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आईंची एकादशी आणि संशोधनातला उपवास या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. नेदरलँड्समध्ये १३१ महिलांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एका गटाला केमोच्या आधीचे तीन दिवस आणि केमोच्या दिवशी अत्यल्प उष्मांकांचा, कमी प्रथिनांचा आहार दिला होता. गाठ लहान होण्याच्या काही आशादायक खुणा त्यात दिसल्या. मात्र दुष्परिणाम दोन्ही गटांत साधारण सारखेच राहिले आणि सर्व फेऱ्यांमध्ये हा आहार पाळणे त्या गटातील पाचपैकी एकीलाच जमले. उलट तूप आणि दाण्याचा कूट घातलेल्या साबुदाण्याच्या उसळीत उष्मांक भरपूर असतात, त्यामुळे तिला संशोधनातला उपवास म्हणताच येत नाही.

वजन घटत असेल, मधुमेह असेल किंवा उलट्या होत असतील, तर उपाशी राहणे धोक्याचे आहे. नागपूरच्या मे महिन्यात निर्जळी तर मुळीच नको. एकादशीला ताजी शिजवलेली भगर, राजगिरा आणि उकळलेले दूध आईंना चालेल का, हे पुढच्या फेरीआधी कर्करोगतज्ज्ञांना आणि आहारतज्ज्ञांना विचारा. त्यांना न सांगता कोणताही उपवास कृपया सुरू करू नका.