वाचकांचे प्रश्न : सुटी स्कॅन पानं एका पीडीएफमध्ये कशी आणायची?

प्रश्न : वडिलांची जुनी कागदपत्रं स्कॅन करतेय. बरेच कागद पाठपोट आहेत आणि आमच्या स्कॅनरच्या फीडरमधून एकच बाजू निघते. प्रत्येक पानाची वेगळी जेपीजी झालीये आणि एकत्र करायला गेलं की १ नंतर थेट १० नंबरचं पान येतं. सगळ्याची एकच पीडीएफ केली तर क्वालिटी जाईल का? आणि नंतर मूळ कागद टाकले तर चालतील का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो, कागद टाकू नका, निदान सही-शिक्क्याचे तरी अजिबात नाही. स्कॅन ही शेवटी प्रतच.

१ नंतर १० येतं कारण बरेच प्रोग्रॅम फाइलचं नाव आकडा म्हणून नाही तर अक्षरं म्हणून लावतात. ००१, ००२, ०१० अशी नावं द्या, क्रम आपोआप लागेल.

पाठपोट कागदांसाठी एकेक पान हाताने उलटत बसू नका हो, जीव मेटाकुटीला येतो. आधी गठ्ठ्याच्या सगळ्या पुढच्या बाजू एका दमात स्कॅन करा, मग गठ्ठा तसाच्या तसा उलटा करून मागच्या बाजू, दोन्ही वेळा जेपीजीऐवजी पीडीएफ निवडा, म्हणजे पहिल्या फाइलमध्ये १, ३, ५ अशी पानं आली आणि दुसरीत शेवटच्या पानापासून उलट क्रमाने सम पानं. पीडीएफसॅम बेसिक नावाचा प्रोग्रॅम फुकट आहे, त्यात दोन फाइलींची पानं आलटून पालटून लावायची सोय आहे आणि दुसरी फाइल उलटीकडून घ्या असंही सांगता येतं. फक्त कोरी मागची बाजूसुद्धा स्कॅन होऊ द्या, मधलं एक पान जरी गळलं तरी तिथून पुढचा सगळा क्रम घसरतो, कोरी पानं नंतर डिलीट करता येतात.

क्वालिटी नुसतं जोडल्याने जात नाही, जाते ती जोडताना कॉम्प्रेस केल्यामुळे. फोटो वर्डमध्ये चिकटवून त्याची पीडीएफ करणं तर टाळाच, वर्ड सेव्ह करताना चित्रं लहान करून टाकतं. स्कॅन ३०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) करा, ए४ पान साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं, छापील मजकुराला तेवढं पुरतं. फाइल मोठी वाटली तर ग्रेस्केल (राखाडी छटांत) करा पण निव्वळ ब्लॅक अँड व्हाइट नको, पेन्सिलीच्या नोंदी आणि फिकट शिक्के त्यात पुसले जातात.

आणि आकडे तपासा, हे मी कळकळीने सांगतोय. २०१३ मध्ये जर्मनीतल्या एका कॉम्प्युटर तज्ज्ञाला दिसलं की घराच्या नकाशावर तीन खोल्यांचं क्षेत्रफळ वेगवेगळं असताना ऑफिसच्या मशीनमधून निघालेल्या स्कॅनमध्ये तिन्ही ठिकाणी १४.१३ च छापलंय! फाइल लहान करायला ते मशीन सारखी दिसणारी अक्षरं एकच समजून एकाच्या जागी दुसरं बसवत होतं, म्हणजे स्कॅन एकदम स्वच्छ आणि आकडा चुकीचा. पान धूसर असलं तर निदान शंका तरी येते, इथे कुणाला काय येणार? म्हणून रकमा, तारखा, खाते नंबर मूळ कागदाशी ताडून बघाच.

सगळ्याची एकच पीडीएफ मात्र मी करणार नाही. घराचे कागद वेगळे, बँकेचे वेगळे, दवाखान्याचे वेगळे, आणि नावात वर्ष पुढे, उदाहरणार्थ "१९९८ घर खरेदीखत". मग ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं प्रोग्रॅमकडून ओळखून घ्या, त्याने चित्रामागे मजकुराचा अदृश्य थर बसतो आणि फाइलमध्ये शब्द शोधता येतो. नॅप्स२ नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये ही सोय आहे पण भाषा मराठी निवडून ती आधी डाउनलोड करा, नाहीतर देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा मिळतो. हाताने लिहिलेलं त्याला धड वाचता येत नाही, तसल्या कागदांना फाइलचं नावच नीट द्या.

जोडून झालं की पानं मोजा, गठ्ठ्याशी जुळतात का बघा आणि मगच सुट्या जेपीजी एका वेगळ्या ड्राइव्हवर हलवा, लगेच डिलीट करू नका.