सासूबाई खाली झोपतात

घरातल्या अडचणींवर सल्ला घ्यायला माझ्याकडे येणारी माणसं पहिली पंधरा मिनिटं इकडचं तिकडचं बोलतात. ही मात्र पर्स मांडीवर ठेवायच्या आतच म्हणाली, “मॅडम, आमच्या सासूबाई खाली झोपतात,” आणि रडायला लागली.

(माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदललेत. नावं तर देतच नाही.)

घर घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या जवळ. चौदावा मजला, दोन बेडरूम. नवरा-बायको, दहावीतला मुलगा, आणि आठ महिन्यांपूर्वी सासरे गेल्यापासून गावाला परत न गेलेल्या सासूबाई. त्यांच्यासाठी नवा बॉक्सबेड घेतला, जाड गादीसकट, हप्त्यावर. सासूबाई दिवसा त्यावर कपड्यांच्या घड्या घालतात. रात्री बेड आणि खिडकी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत चटई, तिच्यावर गोधडी टाकून आडव्या होतात. सकाळी सहाला सगळं गुंडाळून दाराआड.

एवढ्यावरून कोणी रडत नाही. रडण्याचं कारण डोंबिवलीची नणंद. ती दोन दिवस राहायला आली, रात्री पाणी प्यायला उठली, आईला लादीवर पाहिलं आणि जाताना म्हणाली, “वहिनी, आईला जमिनीवर झोपवता होय?” आठवड्याभरात ते वाक्य दोन आत्यांपर्यंत आणि एका मावससासूपर्यंत पोचलं होतं.

ही तक्रार माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येते. वडील पलंग सोडून खाली झोपतात, डोक्यावर परिणाम झालाय का? आई गादी घेत नाही, आमच्यावर राग आहे का? माझं उत्तर साधारण ठरलेलं असतं. खाली झोपणं हा आजार नाही. एक पिढी मागे गेलात तर निम्मं ठाणं खालीच झोपत होतं. मी स्वतः कोपरीच्या चाळीत वाढले. पलंग एकच, तो आजोबांचा, आणि घरात कोणी तापाने फणफणलं तर त्याचा. बाकी आम्ही सहा जण ओळीने, आणि शेवटी येणाऱ्याचे पाय मोरीकडे.

म्हणून मी तिला फक्त दोन गोष्टी विचारल्या. त्यांना जमिनीवरून आधाराशिवाय उठता येतं का? आणि झोपायची जागा सोडून दुसरं काही बदललंय का? जेवण, बोलणं, चिडचिड, झोपेची वेळ? ती म्हणाली, जेवतात, खालच्या बायकांबरोबर बाकावर बसून भाजी निवडतात, माझ्या आमटीला नावं ठेवतात. मी म्हटलं, मग गावची सवय असेल, सोडा. बाई हलकी होऊन गेली आणि मीही फाइल मिटली.

पंधरा दिवसांनी दोघी आल्या. पहाटे बाथरूमला जायला उठताना सासूबाईंनी आधाराला पडदा धरला आणि रॉडसकट तो अंगावर आला. लागलं नव्हतं फारसं, पण कोपर काळंनिळं होतं. “उठता येतं” म्हणजे कशाच्या आधाराने उठता येतं, हे मी विचारलंच नव्हतं.

आजी बुटक्या, काटक, संगमेश्वरकडच्या. मी जरा लाडीगोडीने म्हटलं, “गावी खाली झोपायची सवय ना, काकू? मग इथे पलंग कसा रुचणार!”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “गावी? गावी खाली कोण झोपतंय? मण्यार फिरते रात्रीची. आम्ही बाजेवर, मच्छरदाणी खोचून. पोरांनासुद्धा खाली झोपू दिलं नाही कधी.”

त्यांचं खरंच होतं. मण्यार रात्री हिंडते, चावली तरी फारसं दुखत नाही, सूजही येत नाही. माणूस पहाटे पोटात कळ येते म्हणून उठतो आणि मग पापण्या जड होऊ लागतात. चावा बहुतेक जमिनीवर झोपलेल्यालाच होतो. कोकणातल्या बाईला हे कोणी शिकवावं लागत नाही. म्हणजे ही बाई साठ वर्षं बाजेवर झोपली आणि चौदाव्या मजल्यावर, जिथे साप सहसा पोचत नाही, तिथे येऊन खाली उतरली. माझी ‘गावची सवय’ तिथेच आडवी झाली.

घरी जाणं माझ्या पद्धतीत बसत नाही. पण शनिवारी गेले. तेव्हा मेट्रोचं काम जोरात होतं, नौपाड्यातून निघून नुसतं कापूरबावडी ओलांडेपर्यंत रिक्षात पाऊण तास गेला.

बेड पाहिला आणि एक कारण तर लगेच कळलं. “बसा बघू काकू,” म्हटलं. त्यांनी आधी उशी सरकवली, मग एक हात टेकून स्वतःला वर ओढलं, आणि बसल्यावर पावलं लादीपासून वीतभर वर लोंबकळत राहिली. शाळेच्या बाकावर पहिलीतली मुलगी बसते तशी. टेप लावली तर गादीसकट उंची पंचवीस इंच. पलंगावर बसल्यावर तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या रेषेत आले पाहिजेत. बहुतेकांना अठरा इंचांच्या आसपासची उंची बरी पडते, यांना त्याहूनही कमी लागली असती. रात्री अंधारात इतक्या उंचावरून उतरायचं म्हणजे धडकीच. दुकानात बेड बघताना आईंना कोणी त्यावर बसवून पाहिलं नव्हतं. त्या घरी होत्या, मटार सोलत.

आजींचा मुलगा दारात उभा होता. तो म्हणाला, “पण मॅडम, जमीन पाठीला चांगलीच ना? कडक पाहिजे म्हणतात.” हे मी इतक्या वेळा ऐकलंय. 2003 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्पेनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले होते. जुनी कंबरदुखी असलेल्या 313 जणांना कोणती गादी हे न सांगता काहींना कडक, काहींना मध्यम कडक दिली होती. तीन महिन्यांनी मध्यम कडकवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं दिसलं. लादी पाठीला औषध आहे असा पुरावा नाही आणि विष आहे असाही नाही. ज्याला मानवते त्याने झोपावं.

पण उंची हे अर्धंच कारण वाटत होतं. पलंग उंच आहे म्हणून माणूस कुरकुर करतो, दुसरी खोली मागतो, हॉलमधल्या सोफ्यावर लवंडतो. नेमक्या त्या दीड हाताच्या फटीत का शिरतो?

मी विचारलं, “काकू, इथेच का?”

“इथेच होते ना मी,” त्या म्हणाल्या. “ह्यांची खाट इथे होती.”

सासऱ्यांचे शेवटचे पाच महिने याच खोलीत गेले होते. डोकं वर-खाली करायची दवाखान्यासारखी खाट भाड्याने आणली होती. ते गेल्यावर ती परत गेली आणि नवा बेड त्याच जागी, त्याच भिंतीला लावला गेला. प्लगची सोय तिथेच होती. आजींनी डावा हात पुढे केला आणि मनगटाभोवती बोट फिरवलं. “परकराची नाडी बांधायचे. एक टोक ह्यांच्या हाताला, एक माझ्या. हलले की जाग यायची. हाक मारायला आवाज कुठे राहिला होता त्यांना?”

मुलाला हे माहीत नव्हतं. त्याने उशाशी बेल लावून दिली होती, त्याला वाटायचं आई बेल ऐकून उठते. “पाणी आणतो,” म्हणून तो स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

आपल्याकडे सुतकात गादी-पलंग वर्ज्य असतो, तेराव्यानंतर माणूस परत वर चढतो. आजींचं ते चढणं राहून गेलं होतं एवढंच. त्याला आजार म्हणायचं का? जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात शोक सहा महिन्यांहून जास्त रेंगाळला, समाजाच्या रीतीपलीकडे गेला आणि रोजचं जगणं त्याने अडवलं, तर त्याला वेगळं निदान आहे. आठ महिने झाले होते, पण जगणं कुठेच अडलं नव्हतं. त्या मला आमटीत कोकम किती घालावं ते सांगत होत्या. हेच माणूस “मला आता गादी कशाला” म्हणत अन्न टाकू लागलं असतं, पहाटे तीनला उठून बसू लागलं असतं, आणि हे दोन आठवडे हटलं नसतं, तर मी बोलत न बसता मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

मग साधी कामं केली. नातवाचा बुटका दिवाण आजींच्या खोलीत, समोरच्या भिंतीला. बॉक्सबेड नातवाला, तो तर खूशच. बाथरूमच्या वाटेवर रात्रीचा दिवा, पायपुसणं हटवलं. गुडघे डॉक्टरांना दाखवायचे. आणि खाली झोपावंसं वाटलं तर झोपायचं, पण चटईऐवजी तीन-चार इंचांची गादी, आणि धरून उठायला शेजारी न हलणारी जड खुर्ची. गादी सकाळी उचलायची, उन्हं दाखवायची. जुलैमध्ये लादीवर पडून राहिलेली गादी खालून ओली होते आणि बुरशी धरते.

सुनेचं समाधान एवढ्याने होईना. तिला नणंदेसाठी माझ्याकडून काहीतरी लिहून हवं होतं, शिक्क्यासहित! मी म्हटलं, मी कोण लिहून देणारी, आई आहेत ना. आजींनी त्याच दिवशी डोंबिवलीला फोन लावला. मी अर्धंच ऐकलं. “मला कोण झोपवतंय? मी काय तान्ही आहे? मी झोपते.” आणि फोन ठेवला.

महिन्याभराने सून एकटी आली. सातातल्या चार-पाच रात्री दिवाणावर, बाकी खाली, असं तिने सांगितलं. मोजते अजून, हे तिने आपणहून कबूल केलं. मग जरा थांबून म्हणाली, “मॅडम, ती नाडी त्यांच्या उशीखाली असते. काढून ठेवू का?”

मी विचारलं, “धुतात का ती कधी?”

“हो. इतर कपड्यांबरोबर स्वतःच टाकतात. वाळली की परत नेतात.”

म्हटलं, मग राहू दे.